खोकूनही न निघणारा कफ : दम्याच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रुग्ण ४६ वर्षांचे गृहस्थ. नागपुरात कळमन्याच्या बाजाराजवळ धान्याच्या एका गोदामात देखरेखीचं काम. ओळख पटू नये म्हणून वय, काम आणि घरचे तपशील थोडे बदलले आहेत.

दमा शाळेत असल्यापासूनचा. बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप घरात असायचा, पण तो "दम लागला की" घ्यायचा, एरवी नाही, असा त्यांचा हिशेब. विडी-सिगरेट कधीच नाही. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) मात्र दिवसाला तीन-चार पुड्या. स्वयंपाक गॅसवर. दोन वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिनवर, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज) ७.१.

तीन वर्षांपूर्वी खोकला आणि बारीक ताप आला, एक्स-रेवर उजवीकडे वरच्या भागात डाग दिसला. थुंकीत जंतू सापडला नाही, तरी डाग पाहून सहा महिने टीबीची औषधं दिली गेली. डाग गेला, आणि तो औषधानंच गेला असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढच्या वर्षी डाग डावीकडे खाली. त्या वेळी न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक मिळालं, सोबत धाप होती म्हणून आठवडाभर स्टेरॉइडच्या गोळ्या. तोही डाग गेला. दोन्ही एक्स-रे वेगवेगळ्या दवाखान्यांतले. दोन्ही एकाच वेळी उजेडाच्या पेटीवर लावले गेले ते थेट यंदा. एका बाजूचा डाग विरतो, दुसऱ्या बाजूला नवा उगवतो, आणि माणूस जुना दमेकरी आहे, हे तिन्ही एकत्र दिसलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

तक्रार

पोळा होऊन गेल्यावर ते आले. "खोकून खोकून बरगड्या दुखून राहिल्या सर, पण कफ काही निघून नाही राहिला," हे त्यांचं पहिलं वाक्य. सोबत आलेल्या पत्नीनं भर घातली, "परवा एक तुकडा पडला. बोटभर लांब, भुरा. चिमटीत धरून ओढला तरी तुटे ना."

हा भुरा तुकडा निदानाच्या दृष्टीनं सोन्याच्या मोलाचा होता, आणि तो कोणी विचारल्याशिवाय सांगितला गेला हे नशीब. कफाचा रंग आणि प्रमाण आपण सगळेच विचारतो. तो तुटतो का, त्याला फांद्या होत्या का, हे क्वचितच विचारतो.

आधीच्या दीड महिन्यात अँब्रोक्सॉलचं सिरप, पाण्यात विरघळणाऱ्या अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या गोळ्या, अँटिबायोटिकचे दोन कोर्स, रोज वाफ आणि थोरल्या भावजयीनं सुचवलेला अडुळशाचा काढा एवढं झालं होतं. घरच्या काढ्याला कोणी हसू नये. ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच घडवलं गेलं, आणि अँब्रोक्सॉल हा ब्रोमहेक्सिनचा शरीरात तयार होणारा अंश. म्हणजे भावजय आणि औषधाचं दुकान एकाच घराण्याचं औषध देत होते. अडचण एवढीच की या रुग्णाच्या कफावर त्या घराण्याचा इलाज चालणार नव्हता.

तपासणीत डाव्या छातीच्या वरच्या भागात श्वासाचा आवाज जवळजवळ नाही, दोन्हीकडे शिट्ट्या, ऑक्सिजन ९३ टक्के. फुंकण्याच्या चाचणीत पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या ५४ टक्के. एक्स-रेत डाव्या फुप्फुसाचा वरचा कप्पा आकसून बसलेला.

कफ वाढतो म्हणजे काय होतं

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय याच्यावर टेकलेले आहेत.

निरोगी श्वासनळीतल्या श्लेष्म्यात ९७ ते ९८ टक्के पाणी असतं. उरलेल्यात क्षार, प्रथिनं आणि थोडं म्युसिन. म्युसिन म्हणजे साखरेच्या साखळ्यांनी लडबडलेले लांबलचक प्रथिनरेणू. श्वासनळीत त्यांचे दोन प्रकार महत्त्वाचे, एमयूसी५बी आणि एमयूसी५एसी. दोघांची जनुकं ११ व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी, तरी स्वभाव निराळे. एमयूसी५बी रोजच्या साफसफाईचं. ते नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसात जंतू साचतात आणि उंदीर मरतात, हे २०१४ साली दाखवलं गेलं. एमयूसी५एसी निरोगी माणसात कमी असतं, आणि दम्यात तेच उसळतं. ते नसलेल्या उंदरांना अ‍ॅलर्जी देऊनही त्यांच्या श्वासनळ्या नेहमीसारख्या बंद होत नाहीत, हे २०१५ सालचं. श्वासनळी बंद होते ती नुसती स्नायू आवळल्यानं, ही जुनी समजूत तिथे ढिली पडली.

अस्तरातल्या कफ बनवणाऱ्या गॉब्लेट पेशीत म्युसिन कोरडं, घट्ट दाबून भरलेलं असतं. आम्लता आणि कॅल्शियम त्याला दाबून ठेवतात. पेशीबाहेर पडल्यावर बायकार्बोनेट ते कॅल्शियम ओढून घेतं, आणि म्युसिन पाण्यात टाकलेल्या सब्जासारखं फुगतं, शेकडो पट. फुगायला पाणी आणि बायकार्बोनेट कमी पडलं, तर तेच म्युसिन चिकट लगदा होऊन नळीच्या भिंतीला धरून बसतं.

आता हे म्युसिन जास्त का बनतं? सूज एकच दिसली तरी आत निरोप देणारे निरनिराळे असतात.

एक निरोप अ‍ॅलर्जीच्या बाजूचा. बुरशी, धूळ, परागकण यांनी अस्तराच्या पेशी दुखावल्या की त्या आयएल-३३ आणि टीएसएलपी हे धोक्याचे रेणू सोडतात. त्यावर जागी झालेली टाइप-२ फौज आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-१३ ओतते. यातलं आयएल-१३ कफाच्या दृष्टीनं मुख्य. ते पेशीवरच्या ग्राहकाला चिकटतं, आतमध्ये स्टॅट६ नावाचा रेणू जागा होतो, तो केंद्रकात जाऊन एसपीडीईएफ वाढवतो आणि फॉक्सए२ दाबतो. फॉक्सए२ हा गॉब्लेट पेशी बनण्यावरचा लगाम. लगाम सुटला की झुलणाऱ्या केसांच्या पेशी कमी, गॉब्लेट पेशी जास्त, आणि एमयूसी५एसीचा पूर. आयएल-१३ च्या प्रभावाखाली हे म्युसिन पेशीपासून नीट सुटतही नाही, अस्तराला अडकून राहतं. म्हणजे माल जास्त आणि वाहतूक ठप्प, दोन्ही एकदम.

दुसरा निरोप धूर आणि जंतूंचा. धुरानं पेशीच्या पृष्ठभागावरची एडीएएम१७ नावाची कात्री चालते, ती टीजीएफ-अल्फा कापून मोकळं करते, ते ईजीएफआर या ग्राहकाला चेतवतं, आणि त्या वाटेनंही एमयूसी५एसी वाढतं. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींचं इलास्टेज हे विकर हेच काम करतं, वर साठलेलं म्युसिन बाहेर फेकायलाही लावतं. सीओपीडीचा (मुख्यतः धुरानं होणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) आणि श्वासनळ्या रुंदावल्याचा कफ बहुतांशी या बाजूचा.

तिसरी गोष्ट पाण्याची. सीएफटीआर ही क्लोराइड आणि बायकार्बोनेट सोडणारी वाहिनी. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये ती जन्मतःच बिघडलेली असते, पण सिगरेटच्या धुरानंही तिचं काम मंदावतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दीर्घकालीन ब्राँकायटिस असलेल्यांच्या कफात म्युसिनची दाटी निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त आढळली, आणि आजाराच्या तीव्रतेशी ती जुळलीही. कफ किती पडतो याच्याइतकंच तो किती दाट आहे हे महत्त्वाचं ठरलं.

आमच्या रुग्णाकडे धूर नव्हता. खर्रा तोंडाचं जे नुकसान करायचं ते करतोच आणि त्याबद्दल त्यांना सुनावलंही, पण श्वासनळीत धूर जाणं ही वेगळी वाट आहे. कफ पिवळा-हिरवा नव्हता, भुरा होता. अँटिबायोटिकनं फरक नव्हता. लहानपणापासूनचा दमा होता. म्हणजे निरोप पहिल्या बाजूचा असण्याची शक्यता मोठी. आयएल-५ मुळे इओसिनोफिल या अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, आणि त्या मरताना आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर टाकतात. त्यांचं पेरॉक्सिडेज हे विकर म्युसिनमधल्या सिस्टीन या गंधकयुक्त घटकांना ऑक्सिडाइज करून एकमेकांशी जोडतं. त्यांच्यातलं गॅलेक्टिन-१० हे प्रथिन सुईसारख्या स्फटिकांत घट्ट होतं. हेच शार्को-लायडन स्फटिक, १९ व्या शतकापासून सूक्ष्मदर्शकाखाली दिसत आलेले. ते नुसते अवशेष नसून स्वतःच सूज वाढवतात हे २०१९ मध्ये कळलं. म्युसिन, डीएनए आणि स्फटिक यांचं असं विणलेलं बूच वाफेनं किंवा सिरपनं विरघळेल अशी अपेक्षा ठेवणं फुकट आहे. चिमटीत धरूनही तो तुकडा का तुटला नाही, त्याचं उत्तर इथे होतं.

तपासण्या आणि निदान

रक्तात इओसिनोफिल घन मिलिमीटरला १,४८०. एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं) ८,६४० आययू. अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीविरुद्धचं विशिष्ट आयजीई २१, जिथे ०.३५ च्या वर असलं की पुरेसं मानतात. बुरशीविरुद्धचं आयजीजी हे दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंडही वाढलेलं. सीटी स्कॅनमध्ये मध्यवर्ती श्वासनळ्या रुंदावलेल्या, डाव्या वरच्या कप्प्याकडे जाणाऱ्या नळीत कफाचं बूच, आणि त्याची घनता सुमारे ११० हाउन्सफील्ड (सीटीतलं घनतेचं एकक), म्हणजे पाठीच्या स्नायूपेक्षा जास्त. स्नायूपेक्षा घन दिसणारा कफ हे या आजाराचं जवळजवळ सही-शिक्क्याचं लक्षण.

अ‍ॅलर्जिक ब्राँकोपल्मनरी अ‍ॅस्परजिलोसिस, तोंडी एबीपीए. १९५२ साली इंग्लंडमध्ये पहिल्यांदा वर्णन झालेला हा आजार. २०२४ च्या सुधारित आंतरराष्ट्रीय निकषांनुसार एकूण आयजीई ५०० च्या वर आणि बुरशीचं विशिष्ट आयजीई ०.३५ च्या वर असणं आवश्यक. शिवाय आयजीजी, इओसिनोफिल आणि प्रतिमा या तिघांपैकी दोन. इथे तिन्ही होते. बुरशी इथे ऊती पोखरत नाही. ती कफात मुक्काम करते आणि शरीर तिच्यावर वाजवीपेक्षा जास्त चिडतं. भारतात अशा रुग्णांना आधी टीबीची औषधं मिळाल्याचा इतिहास इतका वेळा आढळतो की दम्याच्या माणसाला "थुंकीत जंतू नव्हते, तरी टीबीचा कोर्स झाला" असं ऐकलं की मी आयजीई लिहूनच टाकतो.

पर्याय

रुग्णासमोर, त्यांच्या पत्नीसमोर आणि सोबत आलेल्या धाकट्या भावासमोर पर्याय मांडले. भाऊ दुकान चालवणारा, प्रत्येक पर्यायाचा खर्च आणि मुदत विचारणारा. त्याच्यामुळे बोलणं चांगलं झालं.

कफ पातळ करण्याचे उपाय वाढवणं ही त्यांची स्वतःची पहिली मागणी. खारट पाण्याचं नेब्युलायझेशन, छातीचे व्यायाम, अ‍ॅसिटिलसिस्टीन जास्त मात्रेत. अ‍ॅसिटिलसिस्टीन म्युसिनमधले गंधकाचे बंध तोडतं हे खरं, पण ते कमजोर आहे, आणि नेब्युलायझरनं दिलं तर दम्याच्या रुग्णात नळ्या आवळू शकतात. डीएनए कापणारं डॉर्नेज सिस्टिक फायब्रोसिसमध्ये उपयोगी. मात्र १९९८ च्या चाचणीत इतर कारणांनी नळ्या रुंदावलेल्यांत त्यानं उलट त्रास वाढला. ते आम्ही बाजूलाच ठेवलं.

टीबीची औषधं पुन्हा सुरू करावी, असं एका नातेवाइकानं बाहेरून विचारून आणलं होतं.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, दोन ते चार आठवडे, मग कमी करत चार महिन्यांत बंद. स्वस्त, वेगवान, आणि मधुमेह्यासाठी त्रासाचं.

इट्राकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध. बुरशी कमी केली की चिथावणीच कमी, हा तर्क. चंडीगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेत झालेली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना इथे फार कामाची आहे. सहा आठवड्यांत प्रेडनिसोलोननं १०० टक्के रुग्णांना उतार पडला, इट्राकोनाझोलनं ८८ टक्क्यांना, पण दुष्परिणाम इट्राकोनाझोलमध्ये बरेच कमी.

जैविक इंजेक्शनं. ड्युपिलुमॅब आयएल-४ आणि आयएल-१३ या दोघांचा सामाईक ग्राहक अडवतं, टेझेपेलुमॅब टीएसएलपीला. आजाराच्या मुळाशी जाण्याच्या दृष्टीनं हाच सर्वांत नेमका पर्याय, आणि ही औषधं घेणाऱ्यांच्या सीटीतली कफाची बुचं कमी झाल्याचं चाचण्यांत दिसलंही आहे. पण महिन्याचा खर्च ऐकून भावानं वही मिटली. पहिल्याच वेळी हा मार्ग धरण्याचं वैद्यकीय कारणही नव्हतं. साधी औषधं अजून नीट वापरलीच गेली नव्हती.

पहिला निर्णय : टीबीचा प्रश्न आधी मिटवायचा की नाही

स्टेरॉइड द्यायचं आणि आत टीबी लपलेला निघायचा, ही भीती विदर्भात डॉक्टरी करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात असते, आणि असावीच. दुसरीकडे, कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, अंतिम निकाल यायला सहा आठवडे लागतात. तोवर कप्पा बंद ठेवला, तर तो कायमचा आकसायची भीती.

मधला मार्ग काढला. नळ्या सैल करणारं सल्ब्युटामॉल देऊन मग ३ टक्के खारट पाण्याची वाफ दिली आणि त्यानं निघालेला कफ सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूच्या झटपट जनुकीय चाचणीला, पाठवला. त्याच नमुन्यातून कल्चर आणि सूक्ष्मदर्शक तपासणीही. सीबीनॅट निगेटिव्ह. सूक्ष्मदर्शकाखाली इओसिनोफिलचा सडा, शार्को-लायडन स्फटिक आणि बुरशीचे तुरळक धागे. कल्चरची वाट न पाहता प्रेडनिसोलोन सुरू केलं. वजन ६० किलो, म्हणून ३० मिलिग्रॅम.

यावर आमच्या विभागातल्या चर्चेत मतभेद झाले. एका सहकाऱ्याचं म्हणणं, लगेच श्वासनळीत दुर्बीण घालून नमुना घ्यावा आणि बूचही काढावं, दोन्ही कामं एका फेरीत होतील. युक्तिवाद वजनदार होता. माझं मत वेगळं पडलं, कारण स्टेरॉइडनं बरीच बुचं आपोआप ढिली होतात, आणि घट्ट बसलेलं बूच ओढताना, ऑक्सिजन ९३ असलेल्या दमेकऱ्यात, धोका नगण्य नसतो. तीन आठवड्यांत कप्पा उघडला नाही तर दुर्बीण, असं ठरलं.

दुसरा निर्णय : तिसऱ्या आठवड्यात

खोकला निम्म्यावर आला. रात्रीची झोप सुधारली. ऑक्सिजन ९६. पण एक्स-रेत डावा वरचा कप्पा अर्धाच उघडलेला, आणि जेवणानंतरची साखर ३१० च्या आसपास. दोन अडचणी एकाच दिवशी समोर आल्या.

दुर्बीण झाली. नळीतून निघालेलं बूच भुरं, आणि आतल्या नळ्यांच्या फांद्यांचा आकार तसाच्या तसा घेतलेलं. रुग्णाच्या पत्नीनं ते डबीत पाहिलं आणि म्हणाल्या, "हाच तो, सर." नमुना पुन्हा टीबीसाठी पाठवला.

साखरेसाठी मधुमेहाच्या डॉक्टरांनी थोड्या काळापुरतं इन्शुलिन दिलं. प्रश्न होता स्टेरॉइडचा. घाईनं कमी केलं तर आजार उसळेल, चालू ठेवलं तर साखर. म्हणून इट्राकोनाझोल जोडलं, २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि स्टेरॉइडची उतरंड थोडी लवकर सुरू केली.

इट्राकोनाझोल जोडणं चिठ्ठीवर एका ओळीचं काम दिसतं. पण ते यकृतातलं सीवायपी३ए४ हे विकर अडवतं, आणि बुडेसोनाइडची विल्हेवाट तेच विकर लावतं. रुग्ण बुडेसोनाइडचा पंप आता पहिल्यांदाच नियमित घेऊ लागले होते. दोन्ही एकत्र चालू राहिले असते तर पंपातलं थोडंसं स्टेरॉइड रक्तात साठत गेलं असतं, चेहरा सुजला असता, साखर आणखी चढली असती आणि शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, कॉर्टिसोल, दबलं असतं. असे रुग्ण "गोळी कमी केली तरी चेहरा सुजतोच" म्हणत येतात. म्हणून पंप बदलून बेक्लोमेथासोन-फॉर्मोटेरॉलचा दिला. मिथाइलप्रेडनिसोलोनलाही हाच धोका, प्रेडनिसोलोनला फारसा नाही. स्टेरॉइड निवडताना हेही मनात होतं.

दुसरी गोष्ट पँटोप्राझोल. स्टेरॉइडच्या जोडीला "गॅसची गोळी" लिहिण्याची सवय इतकी मुरली आहे की ती त्यांच्या चिठ्ठीवर आधीपासून होतीच. इट्राकोनाझोलची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं. गॅसची गोळी बंद केली, कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायला सांगितली. दोन आठवड्यांनी रक्तातली पातळी मोजली, ती पुरेशी निघाली. यकृताच्या चाचण्याही त्याच वेळी केल्या.

गोदाम, कूलर आणि घरचा वाद

नागपुरात उन्हाळ्यात कूलरशिवाय कोणी जगत नाही. कूलरच्या ताट्या आणि टाकीतलं पाणी यात बुरशी सहज वाढते. धान्य चाळताना उडणाऱ्या धुळीतही ती असते. अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे थेट लहान नळ्यांपर्यंत जाणारे, आणि ही बुरशी ५० अंशांच्या वरही तग धरते. नागपूरच्या मे महिन्याचा तिला काही त्रास नाही.

भावाचं म्हणणं, नोकरीच सोडावी. पत्नीचं म्हणणं, मग घर कसं चालेल. माझं मत मी स्पष्ट सांगितलं. हे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, नोकरी सोडल्यानं आजार जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, पण धुळीचा मोठा मारा टाळणं शहाणपणाचं. मालकाशी बोलून त्यांनी चाळणीच्या वेळी आत न थांबण्याची सवलत घेतली आणि काटा-नोंदीचं काम स्वीकारलं. कूलरच्या जुन्या ताट्या टाकून नव्या बसवायच्या, टाकी रोज रिकामी करायची, आणि ताट्या काढण्याचं काम त्यांनी स्वतः करायचं नाही. हे शेवटचं त्यांना सर्वांत जड गेलं. घरातला कूलर उघडणं हे त्यांचंच काम होतं.

परिणाम

आठ आठवड्यांनी आयजीई ८,६४० वरून ४,९००. निकषांप्रमाणे किमान २० टक्के घट अपेक्षित, इथे ती ४० च्या वर. डावा वरचा कप्पा पूर्ण उघडलेला. फुंकण्याची चाचणी ५४ वरून ७१ टक्के. टीबीची दोन्ही कल्चर निगेटिव्ह. इन्शुलिन तिसऱ्या महिन्यात बंद झालं.

चार महिन्यांनी प्रेडनिसोलोन बंद. इट्राकोनाझोल आणखी काही आठवड्यांनी थांबलं. आयजीई २,३०० झालं, आणि पुढे २,१५० ला थबकलं. "नॉर्मल कधी होईल?" हा प्रश्न त्यांनी दर भेटीला विचारला. होणार नाही, आणि त्यासाठी औषध वाढवायचंही नाही, हे समजावायला वेळ लागला. रिपोर्टवर आकड्यासमोर ठळक बाण छापलेला असतो, आणि त्या बाणाशी भांडणं सोपं नाही.

रुंदावलेल्या नळ्या मात्र तशाच आहेत. त्या परत आकसत नाहीत. सकाळी श्वासाचे व्यायाम करून कफ काढणं हे आता रोजचं काम. आणि आता तो निघतो.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी तीन वर्षांपूर्वीची. दमा, डाग, आणि थुंकीत जंतू नाही, एवढ्यावर एक आयजीई पुरे होतं. तेव्हा नळ्या बहुधा इतक्या रुंदावलेल्या नसत्या. दुसऱ्या वर्षीचा डाग आठवडाभराच्या स्टेरॉइडनं विरला, तोही एक इशारा होता. श्रेय मात्र अँटिबायोटिकला मिळालं.

सुरुवातीपासूनच इट्राकोनाझोल द्यावं का, हा प्रश्न मला अजूनही खुला वाटतो. मधुमेह आधीच माहीत होता. एकट्या इट्राकोनाझोलवर ८८ टक्के प्रतिसाद हा कमी नाही. पण कप्पा बंद असताना वेग महत्त्वाचा होता, आणि तिथे प्रेडनिसोलोन सरस. कप्पा उघडा असता तर मी बहुधा उलट क्रम निवडला असता. साखरेची वाढ तिसऱ्या आठवड्यात पकडली गेली. घरचा ग्लुकोमीटर पहिल्या दिवशी हाती दिला की ती पहिल्या आठवड्यातच दिसते, आणि आता अशा रुग्णांना आमच्याकडे तो पहिल्या भेटीतच लिहून दिला जातो.

दुर्बीण आधी की नंतर, यावर विभागात आजही एकमत नाही. सहकारी म्हणतो की तीन आठवडे वाचले असते. वाचले असते. ओढताना बूच मध्येच तुटून दुसऱ्या नळीत गेलं असतं, हेही शक्य होतं.

पुढचं

त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर २,१५० हा आकडा लाल शाईनं लिहिला आहे. बऱ्याच जणांत हा आजार पुन्हा डोकं काढतो. आयजीई त्या आकड्याच्या दीडपट, म्हणजे ३,२२५ च्या वर गेलं आणि सोबत खोकला वाढला किंवा एक्स-रेत नवा डाग आला, तर तो उसळा धरायचा. नुसता आकडा वाढला तर थांबून पुन्हा मोजायचा. उसळा आलाच तर या वेळी इट्राकोनाझोलनं सुरुवात करायची आणि वारंवार आला तर जैविक इंजेक्शनाचा खर्च कसा उभा करायचा यावर बसून बोलायचं, असं त्यांच्याशी आणि भावाशी ठरलं आहे. भावानं वही पुन्हा उघडली आहे.